आत्याचं ठेवणीतलं नाव

माझं नाव मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही. भर गर्दीत ते नाव घ्या, चार बायका मागे वळून बघतील आणि पाचवी घरून फोन करेल. शाळेत माझ्या वर्गात माझ्याच नावाच्या पाचजणी होत्या. पहिल्याच आठवड्यात बाई वैतागल्या आणि त्यांनी आम्हाला उंचीप्रमाणे आकडे देऊन टाकले. मी तिसरी. 'तिसरी, फळा पूस.' 'तिसरी, उभी राहा.' मी चौथीत गेले तरी तिसरी आणि सातवीत गेले तरी तिसरी. घरी आलेले पाहुणे विचारायचे, पोरगी नापास होते का काय?

लग्न झाल्यावर तरी सुटेन असं वाटलं होतं. सासरी गेले तर चुलत जावेचं नाव तेच. ती आधी आलेली, म्हणून ती नावाने आणि मी 'दुसरी'. नवरा म्हणाला, "बघ, एक नंबर वर सरकलीस." त्याला वाटलं मी हसेन. त्या रात्री त्याने स्वतःच्या हाताने वाढून घेतलं.

त्यामुळे मला दिवस गेले तेव्हा मी एकच गोष्ट ठरवली. बाळ गोरं होवो, काळं होवो, रडकं होवो, जे माझ्या नशिबाला आलं ते त्याच्या नशिबाला येणार नाही. त्याचं नाव दुसऱ्या कुणाचं असणार नाही. हॉल भरलेला असो की बस भरलेली असो, नाव घेतलं की एकटं तेच उठलं पाहिजे. बाकी मला काही नको होतं.

पण हे आमच्या घरात सोपं नाही. आमच्याकडे नावं अरबीच ठेवतात, पिढ्यान्‌पिढ्या, आणि अरबी कुणाला येतं विचाराल तर कुणालाच नाही. म्हणून दुसऱ्याने ठेवलेलं बघायचं आणि आपण ठेवायचं, चुकायला नको. अख्ख्या खानदानात मुलींची मिळून सहा-सात नावं आहेत आणि भाड्याच्या पातेल्यांसारखी तीच घरोघर फिरत असतात. मी नवं नाव म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "नवं कशाला? जुन्यांचं काय वाईट झालं?" जुन्यातली एक त्यांच्यासमोरच बसलेली असायची, पण ते त्यांच्या लक्षात यायचं नाही.

अशा वेळी मला आठवली आत्या.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. गावातल्या मोठ्या दवाखान्यात कामाला. कागदोपत्री मदतनीस, पण खरं काम एकच, नाव पुकारायचं. ओपीडीच्या दारात उभं राहायचं, हातात कार्डांचा गठ्ठा धरायचा आणि एकेक पेशंट आत सोडायचा. तिच्यासारखा आवाज मी दुसरा ऐकलेला नाही. आत्याने घरात मीठ मागितलं की शेजारीण मीठ घेऊन यायची. तिला कुजबुजता येत नाही. तिच्या कानात तुम्ही एखादं गुपित सांगितलंत, तर "अगं बाई, खरंच?" एवढं ती म्हणेपर्यंत खालच्या मजल्यावर त्याची चर्चा सुरू झालेली असते. दवाखान्याने एकदा तिला माइक दिला होता. तिने त्यात पहिलंच नाव घेतलं आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून धूर आला. मग माइक कपाटात गेला आणि आत्या परत दारात आली. सगळे तिला नगारा म्हणतात. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही.

आयुष्य नावं पुकारण्यात गेलं, त्यामुळे नावांबद्दल तिची मतं पक्की. लांबलचक नाव तिला चालत नाही, कारण शेवट येईपर्यंत सुरुवात विसरते. नाव घसा न खरवडता बाहेर पडलं पाहिजे. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे ते सवंग असता कामा नये. "एका नावाला एक माणूस," ती म्हणायची. "नाहीतर जीव जातो एखाद्याचा." जीव कुणाचा गेला नव्हता, पण दात गेला होता. एकदा एका नावाच्या दोघी आल्या, एक कानातला मळ काढायला आणि एक दाढ काढायला. आत्याने नाव पुकारलं, कानवाली लगबगीने उठली आणि दातांच्या डॉक्टरांनी तिला बोलूच दिलं नाही. नशीब, तिचीही ती दाढ किडलेली होती, म्हणून प्रकरण मिटलं. पण आत्याने ते मनाला लावून घेतलं.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती चहात बिस्किट बुडवत बसली होती. मी माझं सगळं गाऱ्हाणं सांगितलं. तिसरी, दुसरी, सगळं. तिने बिस्किट तोंडात टाकलं, हात झटकले आणि म्हणाली, "मुलगा झाला तर तुमचं तुम्ही बघा. मुलगी झाली तर नाव माझ्याकडे आहे."

"कुठलं?"

"हदील."

मी म्हटलं, "हे काय नाव आहे?" कारण मी कधी ऐकलंच नव्हतं. आणि तेच तर हवं होतं, हे डोक्यात शिरायला मला जरा वेळ लागला.

बऱ्याच वर्षांपूर्वी, आत्या नोकरीला नवीन होती तेव्हा, कुठूनतरी लांबून आलेली एक बाई आपल्या तापलेल्या मुलीला घेऊन ओपीडीत आली होती. आत्याने कार्ड उचललं, हदील म्हणून हाक मारली आणि गच्च भरलेल्या हॉलमधून एकच मुलगी उठली. पिवळा फ्रॉक होता तिचा, आत्याला अजून आठवतो. आत्याने त्या आईला अर्थ विचारला. आई म्हणाली, कबुतरं घुमतात ना, तो आवाज. त्यानंतर इतक्या वर्षांत ते नाव परत कधी तिच्या हातातल्या कार्डावर आलं नाही.

"मी ठेवून दिलं होतं," आत्या म्हणाली. "माझ्या मुलीला म्हणून. मग मुलगीच नाही आली. मुलगाही नाही आला. नाव तसंच पडून राहिलं." हे ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, म्हणजे जिन्यात झाडणाऱ्या बाईचा झाडू थांबला. मी तिच्या हातावर हात ठेवला. ती म्हणाली, "चहा निवतोय तुझा."

घरी येऊन मी नाव जाहीर केलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्याला प्रत्येक गोष्ट कशी चालते ते आधी बघायचं असतं. त्याने मोबाइलवर शोधलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, अर्थ कबुतरांचा मधुर स्वर, लोकप्रियता अत्यंत कमी. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, या नावाच्या मुली शांत, मितभाषी आणि पाहुण्यांत प्रिय असतात. मी म्हटलं, जे नाव कुणाचं नाहीच, त्या नावाच्या मुली कशा असतात हे यांना कसं कळलं? तो म्हणाला, "ते सोड. कबुतरं? आपण गॅलरीला जाळी कशासाठी बसवली? सकाळी चार वाजता उठवतात, कपड्यांवर घाण करतात म्हणून. आणि आता तेच घरात आणायचं?"

"चार वाजता उठवणारच आहे ती," मी म्हटलं. "नाव शोभेल."

सासूबाईंना एवढं पुरेना. खाली एक मास्तर राहायचे. तरुणपणी परदेशात नोकरी केलेली, आमच्या ओळखीत अरबी येणारे तेवढेच. सासूबाईंनी त्यांना वर बोलावलं आणि नेमकी आत्याही तेव्हाच टपकली. मास्तर म्हणाले, अर्थ बरोबर आहे. पण एवढ्यावर थांबतील तर मास्तर कसले. म्हणाले, जुने अरब एक गोष्ट सांगायचे. फार पूर्वी, मोठा पूर आला होता त्या काळात, हदील नावाचं कबुतराचं एक पिल्लू होतं. त्याला शिकारी पक्ष्याने उचलून नेलं. तेव्हापासून जगातली सगळी कबुतरं घुमतात ती त्या पिल्लाला हाका मारत असतात.

झालं. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि निकाल दिला. "मेलेल्या पिल्लाचं नाव माझ्या नातीला? मुळीच नाही."

आत्या म्हणाली, "मेलेलं काय घेऊन बसलात? इतकी वर्षं झाली, अजून हाक मारतात त्याला, ते बघा ना. आपल्या घरात जेवायला एकदा बोलावतात. आला तर आला, नाही तर झाकून ठेवतात."

यावर मास्तर हसले, नवरा हसला आणि सासूबाईंनाही हसू आवरलं नाही, कारण माझ्या सासऱ्यांना जेवायला बोलावण्यावरून त्यांचा रोजचा तमाशा असे. हसल्या म्हणजे हो म्हणाल्या, असं मी गृहीत धरलं. आमच्या घरात दुसरी परवानगी मिळत नाही.

आता नाव मिळालं, पण आत्याला चैन पडेना. नाव जुनं, मधल्या काळात कुणी उचललं असेल तर? मोबाइलवर तिचा विश्वास नाही. तिची एकच कसोटी, हाक मारून बघायची. कुणी उठलं तर नाव गेलं, नाही उठलं तर शिल्लक आहे. त्या वर्षी तिची ड्यूटी बाळंतपणाच्या ओपीडीत होती. सकाळी हॉल भरला की खरी नावं सुरू करायच्या आधी ती छाती भरून हाक मारायची, "हदील!" मग थांबायची. हॉलभर नजर फिरवायची. कुणी उठत नाही असं बघून पुन्हा एकदा, लांबवून, "हदीऽऽल!" मग समाधानाने मान डोलावून कामाला लागायची. आणि संध्याकाळी मला फोन. "आज पण कुणी उठलं नाही."

मी खूश. मीही तपासणीला त्याच हॉलमध्ये जायचे, त्याच बाकड्यांवर बसायचे. चारी बाजूंना पोटुशा बायका, कुणी पाय पसरून, कुणी कमरेमागे पिशवी घेऊन, करायला काही नाही, नंबर यायला अवकाश. त्यात ती खणखणीत हाक. शेजारची विचारायची, "काय हो, कोण ही हदील?" आणि मग आत्या कार्डं बाजूला ठेवून सगळ्या हॉलला अर्थ समजावून सांगायची. कबुतरांचं घुमणं, घशाला त्रास नाही, कुणाचंच नाही, एकदम दुर्मिळ. बायका मान हलवत ऐकायच्या. काहीजणी दोनदा विचारून घ्यायच्या. मी आपली मनात म्हणायचे, बघा, जळताहेत सगळ्या. एवढ्या मोठ्या गावात दवंडी पिटून आम्ही खात्री करून घेत होतो की ही गोष्ट कुणाला माहीत नाही, आणि आमच्या दोघींपैकी एकीच्याही टाळक्यात प्रकाश पडला नाही.

मुलगी झाली. माझ्यासारखं नाक, नवऱ्यासारखे कान, आणि आवाज थेट आत्याचा. पहिल्या रडण्याला नर्सच्या हातातला ट्रे खाली पडला. शांत आणि मितभाषी म्हणणाऱ्याला मी मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. आत्या आली, बाळाला हातात घेतलं, वरखाली बघितलं, आणि पहिल्यांदाच ती हाक उत्तर देणाऱ्या कुणालातरी मारली. बाळाने भोकाड पसरलं. आत्या म्हणाली, "ओ दिली."

पुढच्या दिवसांत एकदोन गोष्टी कानावर आल्या, पण माझा विश्वास बसला नाही. कोपऱ्यावरचा शिंपी झबल्याचं माप घेताना म्हणाला, "हदील? वा, आमच्या बाळीचंही तेच." मला वाटलं, गिऱ्हाइकाशी गोड बोलतोय. बेकरीत त्या नावाचा केक बनतोय असं कुणीतरी सांगितलं. मला वाटलं, नवऱ्यानेच सांगितला असेल. नवरा घरी आला तो हात हलवत. मी त्यालाच भांडले.

मग लसीचा दिवस आला. आत्या आता बाळांच्या हॉलमध्ये होती. मी मुलीला नवं झबलं घातलं, स्वतः चांगले कपडे केले आणि मुद्दाम पुढच्या बाकड्यावर जाऊन बसले. हसू नका. आयुष्यभर मी नाव ऐकून अर्धवट उठत आले होते, 'मी का ती?' असं विचारत. आज हाक येणार होती आणि माझी मुलगी माझ्या कडेवर, भरल्या हॉलमधून एकटी उठणार होती.

आत्याने कार्ड उचललं. माझ्याकडे बघितलंही नाही. हॉलमध्ये ती कुणाची आत्या नसते. मी एकदा तिथे 'आत्या' म्हटलं तर "नंबर आल्यावर बोला" असं उत्तर मिळालं होतं. तिने छाती भरली.

"हदील!"

मी उठले. आणि माझ्या शेजारची उठली. पलीकडची उठली. मागे बाकडी सरकल्याचे आवाज आले. मी वळून बघितलं. सातजणी उभ्या होत्या, सातजणींच्या कडेवर सात पोरी, एकीलाही दात नाहीत, सगळ्या टकल्या. डावीकडून मोजलं तर मी तिसरी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्याने हातातला गठ्ठा चाळला. एक हदील, दोन हदील, तिचा हात थांबेना. तिचा चेहरा असा पडला की मी तो कधी बघितला नव्हता. तिने समोरच्या बाईला विचारलं, "तुला हे नाव कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की," ती म्हणाली. "मी सातव्या महिन्यात होते. तुम्ही रोज पुकारायच्या आणि कुणी उठायचंच नाही. मला वाटलं, एवढं चांगलं नाव वाया चाललंय."

"मला वाटायचं, कुणी मोठ्या घरची पेशंट आहे," दुसरी म्हणाली. "रोज बोलावतात तरी येत नाही म्हणजे बघा. म्हटलं, आपल्या मुलीचाही असाच थाट असावा."

हॉल हसायला लागला. मी हसले नाही. मला रडायला येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही आत्यामुळेच. इतकी वर्षं जपलेलं, ती स्वतःच्या हाताने गावभर वाटून बसली होती, आणि माझी मुलगी टाळू भरायच्या आधी नंबरात गेली होती. मला वाटलं, आता उंचीप्रमाणे उभं करतील.

आत डॉक्टर खोळंबले होते. आत्याने घसा साफ केला आणि कार्डावरचं बापाचं नाव बघायच्या ऐवजी सरळ बायकांनाच विचारायला लागली. नवरा काय करतो? शिंपी. "शिंप्याची हदील, आत जा." रंगकाम करतो. "रंगाऱ्याची हदील, तयार राहा." दोघींचे नवरे ड्रायव्हर निघाले, तर एक बसवाल्याची झाली आणि एक ट्रकवाल्याची. बेकरीवाल्याचीही निघाली. म्हणजे नवऱ्याची माफी मागणं आलं. सहावी म्हणाली, नवरा सध्या काही करत नाही. आत्याने विचारलं, "मग तू काय करतेस?" ती म्हणाली, शाळेत शिकवते. "बाईंची हदील." प्रत्येकीला नाव मिळालं आणि जी ती आपापल्या जागी बसली. मीही बसले होते. पाय दुखत होते म्हणून नाही, नुसती बसले होते.

एकच कार्ड उरलं. मी मनाशी तयारी करून ठेवली. लिफ्टवाल्याची हदील. वाईट नाही, तिसरीपेक्षा बरं, चालवून घेऊ. मी झबल्याची गाठ सारखी केली, पिशवी खांद्याला लावली.

आत्याने ते कार्ड हातात धरलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही. तिने सरळ माझ्याकडे बघितलं, एवढ्या वर्षांत त्या हॉलमध्ये पहिल्यांदा. मग तिने छाती भरली आणि अशी हाक मारली की खिडकीच्या काचा थरथरल्या, सहा पोरी एकदम रडायला लागल्या आणि आतून डॉक्टर सुई हातात घेऊन दारात आले.

"माझी हदील!"

मी उठले. हॉलमधून दुसरं कुणी उठलं नाही. मुलीला छातीशी धरून मी बाकड्यांच्या मधून चालत दारापर्यंत गेले, आणि आत्याने कार्ड द्यायच्या आधी मुलगी काढून घेतली.